गंगथडीची नाव कायमची कुठं बसवावी

पालखीची नाव, म्हणजे देवाच्या पादुका पैलतीरी नेणारी होडी, जुनी झाली म्हणून काठावर काढली की गावात पहिला विषय निघतो तो शेडचा. पत्रा किती लागेल, पाटीवर कुणाची नावं घालायची, इथून बोलणं सुरू होतं. आमच्या अनुभवानं शेड हा शेवटचा प्रश्न आहे. ही नाव पुन्हा कधी पाण्यात उतरणार आहे की नाही, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरल्याशिवाय जागा शोधायला निघूच नये, कारण पाण्यातल्या लाकडाचं घर वेगळं आणि कोरड्या लाकडाचं वेगळं. दोन्हींच्या मध्ये ठेवलेली नाव कुजते.

पैठणच्या खाली आणि गंगाखेडच्या वर, गोदावरीच्या काठी आमचं गाव. इथं गोदावरीला गंगाच म्हणतात आणि काठच्या मुलखाला गंगथडी. कार्तिकात देवाच्या पादुका नावेतून पैलतीरी जातात आणि त्याच दिवशी परत येतात. ज्या सागवानी नावेतून त्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या ती २६ फूट लांब, पोटाशी ७ फूट रुंद आणि अडीच फूट खोल आहे. तळ सपाट, फळ्या दीड इंची, बरगड्या बाभळीच्या, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोरलेलं कमळ. तीन बरगड्या कुजल्यावर पादुकांसाठी फायबरची नाव आली. जुन्या नावेला कायमची जागा मिळवून द्यायला पावणेतीन वर्षं लागली. त्यातलं दुसऱ्या गावाच्या कामी येईल ते इथं देत आहोत.

आधी लाकडाबद्दल. भोई मंडळी उन्हाळ्यात नाव मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवत, आत दगड टाकून, काठापर्यंत. फळ्या फुगलेल्या राहिल्या की सांधे मिटलेले राहतात. तीच नाव चैत्राच्या उन्हात आठ दिवस वाळूवर पडली तर सांध्यातून पलीकडचा उजेड दिसतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, आणि ओल वीस टक्क्यांच्या खाली असलेल्या लाकडात बुरशी वाढत नाही. घाटाला बांधलेली नाव मात्र अर्धी ओली, अर्धी कोरडी असते. जायकवाडीच्या खाली ओळीनं बंधारे झाल्यापासून पाण्याची पातळी वर्षभर खालीवर होते. त्यामुळे नावेच्या बाजूवर वीतभर रुंदीचा असा पट्टा तयार होतो की जो कधी पुरता भिजत नाही आणि कधी पुरता वाळत नाही. आमच्या तिन्ही बरगड्या नेमक्या त्याच पट्ट्यात गेल्या.

म्हणून नाव कायमची कोरडी ठेवायची, असा ठराव केला. ‘पुढं एखाद्या वर्षी प्रसंग पाहून पाण्यात घालू’ हे वाक्य ठरावात घालावं असा आग्रह होता. ते येऊ दिलं नाही. वाळलेली नाव एकदा भिजवली की फळ्या फुगतात, गंजलेले खिळे उपसतात आणि दीड वर्षाची वाळवण एका दिवसात वाया जाते.

नाव कुणाची, हा दुसरा प्रश्न, आणि तो जरा नाजूक. देवस्थानाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढावा आणि जंगम मालमत्तेत नाव लिहिलेली आहे का ते पाहावं. आमच्या उताऱ्यात पालखी होती, चांदीच्या पादुका होत्या, समया होत्या, नाव नव्हती. नोंदीत बदल करायचा तर कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पण त्याआधी भोई समाजाशी बोलणं झालंच पाहिजे. वल्ह्याचा मान त्यांच्याकडे आहे, दुरुस्ती त्यांनीच केली आहे, आणि कागदात नसलं तरी गावाच्या लेखी नाव त्यांची आहे. आम्ही लेखी करार केला: मालकी देवस्थानाची, वल्ह्यांचा आणि पहिल्या पूजेचा मान भोई समाजाचा, आणि नाव हलवायची, विकायची किंवा तिचा कुठलाही भाग काढायचा तर दोघांची सही. हा कागद दोन बैठकांत झाला. आधी तो न करता जागा बघायला निघालेल्यांची कामं वर्षानुवर्षं अडतात.

वस्तुसंग्रहालयाचा पर्यायही पाहिला. मराठवाड्यात पैठणला आणि तेरला शासकीय पुराणवस्तू संग्रहालयं आहेत, आणि वस्तूची निगा राखायची तर ती रीतसर वाट आहे. पण कार्तिकातल्या पूजेला नाव गावातच हवी होती. तिथं दिलेली वस्तू दरवर्षी पूजेसाठी मागता येत नाही, आणि मागूही नये. मात्र एक लक्षात ठेवावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. कोरीव नाळ तेवढी जुनी असण्याची शक्यता असेल तर ती कापू नये, विकू नये आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवून ठेवावं.

आता जागा. पाच जागा पाहिल्या, चार सोडल्या.

घाटाच्या माथ्यावरची जागा सगळ्यांच्या मनात होती, कारण तिथून गंगा दिसते. पण जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहिल्या तर ती निळ्या रेषेच्या आत. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथं बांधकामच नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. रेषेच्या नकाशावर भागत नाही म्हणून गावातली खूणही घेतली. ऑगस्ट २००६ च्या पुराचं पाणी देवळाच्या भिंतीवर कुठवर आलं होतं ती खूण आजही आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्यानं ती उंची प्रत्येक जागेवर नेली. घाटमाथा त्या खुणेच्या सव्वादोन फूट खाली निघाला. जी नाव कोरडी राहावी म्हणून एवढं करायचं, तीच पुरात तरंगून जाणार.

देवळाची जमीन खिदमतमाश. निजामकाळातल्या या सेवा इनामांच्या जमिनी मराठवाड्यात गावोगाव आहेत, सातबाऱ्यावर त्या वर्ग २ मध्ये दिसतात, आणि तिथं शेती सोडून दुसरं काही करायचं म्हटलं की परवानगीचं वेगळं प्रकरण सुरू होतं. ते आम्ही अंगावर घेतलं नाही. गायरानाचं तर नावच काढू नये. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गावाच्या सामाईक जमिनीवरची बांधकामं हटवण्याकडेच सगळा रोख आहे, आणि चांगल्या कामासाठी म्हणून केलेलं बांधकामही पुढं अतिक्रमणच ठरतं. एका शेतकऱ्यानं रस्त्यालगतची दोन गुंठे जागा तोंडी देऊ केली. मन मोठं होतं, पण तोंडी जागा पुढच्या पिढीच्या वाटणीत अडकते.

राहिली गावठाणातली जुन्या बाजारतळाची जागा. ग्रामपंचायतीच्या नावावर, नमुना ८ ला (कर आकारणीच्या नोंदवहीत) नोंद, लाल रेषेच्या बाहेर, २००६ च्या खुणेपासून साडेचार फूट उंच, रस्ता १४ फूट. घाटापासून ६०० मीटर लांब, हीच तिच्याबद्दलची एकमेव तक्रार. ग्रामपंचायतीची जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं घ्यायची तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. म्हणून भाडेपट्टा केलाच नाही. इमारत ग्रामपंचायतीची, नाव देवस्थानाची, आणि नाव तिथं ठेवून सांभाळण्याचा करार, अशी मांडणी ग्रामसभेच्या ठरावानं केली. याचा आणखी एक फायदा असा की खासदार निधीच्या नियमांत धार्मिक संस्थेच्या जागेवरचं काम बसत नाही. सार्वजनिक जागेवरच्या कामासाठी निदान अर्ज तरी करता येतो.

कागद फिरत होते तोवर नाव वाळत होती. हे दोन्ही एकदमच सुरू करावं, कारण वाळवणीला कागदापेक्षा जास्त वेळ लागतो. नाव पाण्यातून काढायची ती मार्गशीर्षात, थंडीत. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा ४२ च्या पुढं जातो आणि हवेत ओल नसते. त्या हवेत ओली फळी बाहेरून आकसते, आतून फुगलेलीच राहते आणि लांबीत चिरते. काढल्या दिवशीच साध्या पाण्यानं आणि काथ्याच्या ब्रशनं गाळ धुतला. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा वापरायचा नाही, मऊ पडलेलं लाकूड त्यानं उडून जातं. फळ्यांच्या उघड्या टोकांना मेण वितळवून लावलं, कारण लाकूड टोकाकडून सगळ्यात आधी आणि सगळ्यात वेगानं वाळतं. वर सावली, बाजूंना पहिले दोन महिने ओलसर गोणपाटाचे पडदे, मग एकेक पडदा काढत गेलो. लाकडाची ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्यावंच. तीस टक्क्यांच्या वर ते खरं सांगत नाही, पण खाली आलं की विश्वासाचं. जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॉलीसकट वजन करून ट्रॉलीचं वजा केलं, तेव्हा ओली नाव १,१०० किलो भरली होती. दीड वर्षानं तीच ८४० किलो. अडीचशे लिटरहून जास्त पाणी त्या लाकडातून गेलं. सुक्या सागाचं वजन घनफुटाला १९ किलोच्या आसपास धरावं. आमच्या नावेत लाकूड सुमारे ४० घनफूट, म्हणजे ७६० किलो, वर खिळे, पट्ट्या आणि डांबर, असा हिशेब जुळला.

वाळल्यावर सांधे उघडले, चार ते सहा मिलिमीटर. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि लगेच कुणीतरी सांध्यांत लांबी (पुट्टी) भरायला निघतो. ते करू नये. पावसाळ्यात फळ्या पुन्हा थोड्या फुगतात. सांध्यात कडक लांबी असेल तर त्यांना सरकायला जागा राहत नाही, त्या एकमेकींना रेटतात आणि बरगडीवरचे खिळे निसटतात. कोरड्या नावेचे सांधे उघडे राहणं हेच बरोबर. तिला आता पाणी अडवायचं नाही.

बाभळीच्या बरगड्यांना बारीक छिद्रं पडून खाली मैद्यासारखा भुगा पडत होता. तो किड्याचा. दहा लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशनं तीन वेळा दिलं, प्रत्येक वेळी मधे दोन दिवस सोडून. हे तेलाच्या आधीच करायचं. तेल बसल्यावर पाण्यातलं औषध आत शिरत नाही. पुढं ओल पंधराच्या खाली आल्यावर कच्चं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समान घेऊन पहिला हात, महिन्यानं दोनास एक या प्रमाणात दुसरा. अर्ध्या तासानं वरचं तेल कापडानं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. आणि हे जपून वाचावं: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. काम संपताच पाण्याच्या बादलीत बुडवावीत, मग उन्हात एकेक पसरून वाळवून टाकून द्यावीत. ऑइलपेंटचा आग्रह दोनदा झाला, निळा आणि भगवा. रंगाच्या थराखाली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात, म्हणून नाही केला. जुनं डांबरही खरवडून काढलं नाही. ते ज्या हातांनी लावलं त्यांची ती खूण आहे.

पाया हा मराठवाड्यातला खरा घोर. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टेकवलेलं सगळं वर्षातून दोनदा हलतं. घराची भिंत तडकली तर लिंपता येते. नावेच्या बैठकीचा एक आधार अर्धा इंच खचला तर २६ फूट लांबीला पीळ बसतो. आमच्या जागेत साडेचार फूट काळी, खाली मुरूम. आठ खांबांचे खड्डे सहा फुटांवर मुरुमात नेले. जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरला, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. जोतं जमिनीपासून दोन फूट. चारी बाजूंनी तीन फुटी फरशीचा पट्टा, बाहेर उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. भराव झाल्यावर वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस २० ईसी, एक लिटरला १९ लिटर पाणी, चौरस मीटरला पाच लिटर. हातमोजे आणि मास्क लावूनच, आणि विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर हे औषध वापरू नये. एकूण खर्चात शंभरातले चाळीस रुपये जमिनीखाली गेले. दिसत नाहीत म्हणून त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

शेड आतून ३४ बाय १६ फूट, म्हणजे नावेभोवती चारही बाजूंनी माणूस फिरू शकतो. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, त्यामुळे मावळतीचं ऊन फक्त आखूड बाजूवर येतं, आणि तिथं पूर्ण भिंत आहे. लांब बाजूंना तीन फूट भिंत, वर जाळी. नुसता पत्रा घातला तर मे महिन्यात खाली भट्टी होते, म्हणून पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचं छत दिलं, मधे एक फुटाची पोकळी आणि आढ्याला हवा जायला फट. वळिवाचं वारं पत्रा खालून उचलतं. पत्र्याच्या कडेला प्रत्येक दुसऱ्या पन्हाळीत हूक लावावा, तीन सोडून चौथ्या पन्हाळीत नाही. जाळी कबुतर शिरणार नाही एवढी बारीक. कबुतराची विष्ठा लाकूड आणि खिळा दोन्ही खाते.

नाव उचलण्याच्या दिवशी एक चूक झालीच. जेसीबीच्या साखळीनं पहिला प्रयत्न झाला आणि उजव्या काठाच्या फळीवर साखळीच्या कड्यांचे चार वण उमटले. लगेच थांबवलं. मग हायड्रा क्रेन, सहा इंच रुंदीचे नायलॉनचे दोन पट्टे, दोन्ही टोकांपासून सव्वासहा फुटांवर, बरगड्यांच्या खाली. पट्टे वर एकत्र येतात तेव्हा नावेचे दोन्ही काठ आत दाबले जातात, म्हणून काठांच्या मधे सात फुटी दोन वासे आडवे ठोकले होते, खिळ्यानं नव्हे, पाचर मारून. सकाळी सहाला निघालो. वाटेत ११ केव्हीची तार एका ठिकाणी खाली आलेली, तिथला वीजपुरवठा आधी अर्ज देऊन तासभर बंद ठेवला होता. ६०० मीटरला पन्नास मिनिटं लागली.

बैठकीसाठी पाच लोखंडी घोड्या, साडेपाच फुटांच्या अंतरानं, प्रत्येक घोडी एखाद्या बरगडीच्या खाली. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणली तर नाव मधे दीड इंच बसलेली दिसली. ती बळानं सरळ करायची नाही. जशी आहे तशीच घोड्यांची उंची जुळवली, पाण्याच्या नळीनं पातळी पाहत, पातळ सागवानी पट्ट्या घालत. लोखंड आणि लाकूड यांच्या मधे गोणपाट घालू नये. आम्ही पहिल्या महिन्यात घातलं होतं. ते पावसाळी हवेची ओल धरतं, आणि वाळवी आली तर दिसतही नाही. जाड रबराच्या पट्ट्या घातल्या. तळ जमिनीपासून दीड फूट वर, झाडू फिरेल आणि वाकून बॅटरी मारता येईल एवढा.

पूजेचे नियम पुजारी आणि भोई मंडळींनी मिळून ठरवले, आणि ते पाळले जातात ते त्यामुळेच. हळद-कुंकू नाळेवर नाही, नाळेपुढच्या पाटावर. तेल अजिबात ओतायचं नाही. नारळ बाहेरच्या दगडावर. समई आणि कापूर नावेपासून दहा फुटांवर, कारण तेल प्यायलेलं सुकं सागवान पेटलं तर विझत नाही. दाराजवळ सहा किलोची दोन अग्निशामक नळकांडी, त्यांची मुदत नोंदवहीत.

किल्ल्या तीन: देवस्थान, ग्रामपंचायत, भोई समाज. नोंदवहीत दर सोमवारी सही. त्या दिवशी खालून बॅटरी मारून वाळवीची मातीची नळी, भुगा आणि कबुतर पाहायचं, आणि मीटरनं ठरलेल्या सहा जागी ओल मोजायची. पावसाळ्यात १६-१७, वैशाखात ८-९ येते. १८ च्या वर गेली तर पत्रा गळतोय असं समजून वर चढायचं. दर दोन फुटांवर नावेची आडवी मापं घेऊन मोठ्या कागदावर आराखडा काढला आहे. पुढं कुणाला अशीच नाव बांधायची झाली तर सुताराला तो पुरेसा आहे.

दोन वल्ही मात्र अजून पाण्यात जातात. कार्तिकात पादुका फायबरच्या नावेत बसतात आणि पहिला हात जुन्या वल्ह्यांनी मारला जातो. परत आल्यावर ती ओली वल्ही शेडमध्ये आणायची नाहीत. बाहेर पिंपळाखाली सावलीत तीन दिवस उभी ठेवायची, मग मीटर लावायचं, आणि सोळाच्या खाली आलं की भिंतीवरच्या खुंट्यांना आडवी टांगायची.